काठावरचा विजय

परीक्षेत काठावर उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याचे अभिनंदन करावे की त्याची कानउघाडणी करावी, हा प्रश्न आपल्याकडील प्रत्येक शिक्षकाला आणि पालकाला कधी ना कधी पडतोच. मुलगा उत्तीर्ण तर झालेला असतो. प्रगतिपुस्तकावर तसा शेराही असतो. परंतु ३५ गुणांच्या त्या शेऱ्यामागे वर्षभराचा अभ्यास किती, ऐन वेळी आठवलेली उत्तरे किती आणि परीक्षकाचे औदार्य किती, हे प्रगतिपुस्तक सांगत नाही. खेळाच्या मैदानावर थोडक्या फरकाने मिळालेल्या विजयाचीही हीच गत असते. २०२४ सालच्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या बास्केटबॉल संघांच्या पदरी असे तीन विजय पडले. त्या विजयांनंतर चाहत्यांनी आपल्या संघांची जी झाडाझडती घेतली ती खेळाविषयी जेवढी बोलकी होती, तेवढीच ती माणसाच्या न्यायबुद्धीविषयीही होती. म्हणूनच बास्केटबॉलशी फारसा परिचय नसलेल्या वाचकानेही तिचा विचार करावा, असे वाटते.

यातला पहिला सामना लंडनचा. पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर, २० जुलै रोजी अमेरिकेचा पुरुष संघ दक्षिण सुदानशी सरावाचा सामना खेळला. लेब्रॉन जेम्स, स्टीफन करी, अँथनी डेव्हिस यांच्यासारखे जगन्मान्य खेळाडू ज्या संघात आहेत तो संघ ४० हून अधिक गुणांनी जिंकेल, असा सट्टेबाजांचा हिशेब होता. प्रत्यक्षात मध्यंतराला दक्षिण सुदान ५८-४४ असा पुढे होता. एकदा तर ही आघाडी १६ गुणांवर गेली होती. सामना संपण्यास अवघे ८ सेकंद उरले असताना जेम्सने बास्केट केली आणि अमेरिकेने १०१-१०० अशी आपली सुटका करून घेतली. पुढे जे घडले ते मोठे चमत्कारिक होते. जिंकलेल्या संघाचे चाहते खिन्न आणि संतप्त झाले. हरलेल्या देशाच्या लोकांना मात्र आपण काही मिळविले असे वाटले. गुणफलकाने एक निकाल दिला होता आणि दोन्ही देशांच्या क्रीडारसिकांनी त्याच्या नेमका उलट निकाल दिला होता.

दोन सोपी उत्तरे

अशा विजयानंतर चाहत्यांमध्ये सामान्यतः दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष ‘पदरी पडले आणि पवित्र झाले’ या पंथाचा. त्याच्या मते विजय तो विजय. पुढे नोंद राहते ती जिंकणाऱ्याची, किती गुणांनी जिंकला हे कोणी विचारत नाही. दुसरा पक्ष मानभंगाच्या आवेशात बोलतो. बलाढ्य संघाने नवख्या संघावर एका गुणाने मात करणे हा त्याच्या लेखी पराभवच असतो. मग प्रशिक्षक नालायक ठरतो, ३९ वर्षांचा जेम्स म्हातारा ठरतो आणि काल ज्यांना डोक्यावर घेतले होते त्यांना आज पायदळी तुडविण्याची अहमहमिका सुरू होते.

वरवर पाहता हे दोन पक्ष परस्परविरोधी वाटतात. वास्तविक दोघांचीही नजर एकाच आकड्यावर खिळलेली असते. फरक कितीही असो, तो आपल्या बाजूचा आहे, एवढ्यावर एक पक्ष समाधान मानतो. तो अपेक्षेपेक्षा कमी आहे म्हणून दुसरा कपाळावर हात मारून घेतो. चाळीस मिनिटे मैदानावर काय घडले, कोणता डाव का फसला, प्रतिपक्षाने काय साधले, या गोष्टींची चौकशी दोघांनाही नको असते. निकाल हेच पहिल्याचे मूल्यमापन आणि अपेक्षाभंग हेच दुसऱ्याचे.

दुसऱ्या पक्षाच्या बोलण्यात आणखी एक दोष दडलेला असतो आणि तो अधिक गंभीर आहे. ‘असल्या संघाविरुद्ध आपल्यावर ही पाळी यावी?’ या उद्गारात स्वतःच्या संघावरील टीका थोडी आणि प्रतिपक्षाविषयीची तुच्छता फार असते. हा ‘असला संघ’ कोण होता, ते तरी पाहावे. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला. स्वातंत्र्यानंतर अडीच वर्षे होतात न होतात तोच, २०१३ च्या डिसेंबरात, तेथे यादवी युद्ध भडकले. लक्षावधी लोक देशोधडीला लागले. त्या संघातील कित्येक खेळाडू निर्वासित कुटुंबांतले. कोणी आश्रयाला गेलेल्या शेजारच्या देशात, कोणी दूर ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत वाढलेले. पॅरिसला गेलेला १७ वर्षांचा खमान मलुआच हा युगांडात वाढला होता आणि बास्केटबॉल हाती घेऊन त्याला जेमतेम पाच वर्षे झाली होती. स्वतःच्या देशात बंदिस्त क्रीडागृहदेखील नसलेल्या या संघाची उभारणी केली ती लुओल डेंगने. तोही निर्वासितच. इजिप्तमार्गे लंडनला पोहोचलेला हा मुलगा पुढे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये नावारूपास आला आणि निवृत्तीनंतर त्याने आपल्या देशाच्या बास्केटबॉल संघटनेची धुरा खांद्यावर घेतली. २०२३ च्या विश्वचषकात आफ्रिकेतील सर्वोत्तम संघ ठरून दक्षिण सुदानने ऑलिंपिकचे थेट प्रवेशपत्र मिळविले होते. ते कोणी त्याला दान दिलेले नव्हते.

हे सारे ठाऊक असते तर लंडनच्या त्या संध्याकाळी आपले काय चुकले, एवढाच प्रश्न अमेरिकन चाहत्यांना पडला नसता. त्यांचे काय बरोबर आले, हाही पडला असता. त्याचे उत्तर मैदानावर स्पष्ट दिसत होते. दक्षिण सुदानचे खेळाडू तीन गुणांच्या रेषेबाहेरून निर्भयपणे आणि अचूक नेम साधत होते. कार्लिक जोन्स या जन्माने अमेरिकन असलेल्या त्यांच्या खेळाडूने १५ गुण, ११ रिबाऊंड आणि ११ पास अशी तिहेरी कामगिरी केली. ४० गुणांची अपेक्षा ही सट्टेबाजांची आणि प्रेक्षकांची होती. दक्षिण सुदानने त्या अपेक्षेखाली सही केलेली नव्हती. आपली अपेक्षा चुकली म्हणजे आपला संघ चुकला, असे मानणारा माणूस स्वतःच्या अज्ञानाचा दंड दुसऱ्याकडून वसूल करीत असतो.

एका गुणाची किंमत

गुणांच्या फरकावर एवढा भरवसा ठेवणे मुळातच धोक्याचे आहे. लंडनला १ गुणाने जिंकलेला अमेरिकेचा संघ अकराच दिवसांनी, ३१ जुलैला, लील येथे प्रत्यक्ष ऑलिंपिकमध्ये त्याच दक्षिण सुदानशी खेळला आणि १०३-८६ असा १७ गुणांनी जिंकला. सर्बियाच्या बाबतीत याच्या उलट घडले. २८ जुलैच्या साखळी सामन्यात अमेरिकेने सर्बियाला ११०-८४ असे २६ गुणांनी हरविले होते; ८ ऑगस्टच्या उपान्त्य सामन्यात त्याच सर्बियावर ९५-९१ असा विजय मिळविताना तिच्या नाकी नऊ आले. दोन आठवड्यांत अमेरिकेचे खेळाडू एकदा शहाणे आणि एकदा मूर्ख झाले, असे कोणी म्हणणार नाही. लंडनला केव्हिन ड्युरंट दुखापतीमुळे खेळला नव्हता, लीलला तो खेळला. सामन्यागणिक प्रशिक्षक संघरचना बदलत होते. आणि मुख्य म्हणजे दूरवरून टाकलेला चेंडू एखाद्या दिवशी जाळ्यात पडतो, एखाद्या दिवशी कड्यावरून परततो. उत्तम नेमबाजाचेही रेषेबाहेरून टाकलेले १०० पैकी ४० चेंडू बास्केटमध्ये गेले तरी ती मोठी कामगिरी समजली जाते. अशा खेळात दोघांचे मिळून २०० गुण होत असताना एका गुणाच्या फरकातून संघाची योग्यता वाचू पाहणे म्हणजे सुतावरून स्वर्गाला जाणे होय.

या क्षुल्लकपणाचे सर्वांत बोलके उदाहरण महिलांच्या अंतिम सामन्यात मिळाले. ११ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये यजमान फ्रान्सने अमेरिकेविरुद्ध तिसऱ्या सत्रात १० गुणांची आघाडी घेतली होती. ती भरून काढून अमेरिका पुढे गेली. शेवटचा क्षण आला तेव्हा गुणफलक ६७-६४ असा होता. फ्रान्सच्या गॅबी विल्यम्सने चेंडू फेकला, तो फळीवर आदळून जाळ्यात गेला, पंचांचा भोंगा वाजला. परंतु चेंडू हातातून सुटताना तिचा पाय तीन गुणांच्या रेषेवर होता. म्हणून त्या बास्केटचे दोनच गुण धरले गेले आणि अमेरिका ६७-६६ अशी विजयी झाली. पाऊल किंचित मागे असते तर सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला असता आणि पुढे काय झाले असते हे कोणीच सांगू शकत नाही.

या स्पर्धेपूर्वी केटलिन क्लार्क हिला अमेरिकेच्या संघात न घेतल्यावरून मोठा वाद माजला होता. सुवर्णपदक मिळाले, सबब निवड योग्य होती, असे निवड समितीच्या समर्थकांनी म्हणावे आणि एका गुणाने कसेबसे मिळाले, सबब ती अयोग्य होती, असे विरोधकांनी म्हणावे, हे स्वाभाविकच होते. पण थोडा विचार केला तर दोघांच्याही युक्तिवादाचा सारा भार विल्यम्सच्या बुटाच्या टोकावर उभा आहे, हे ध्यानात येते. निवड योग्य की अयोग्य, हे ठरविण्याची साधने निराळी आहेत. ते बूट कोठे टेकले यावरून ते ठरत नाही.

मग पाहायचे काय?

निकालावरून पारख करायची नाही, तर मग ती करायची तरी कशावरून? बास्केटबॉलचे अभ्यासक याला बरेच नेमके उत्तर देतात. डीन ऑलिव्हर या अमेरिकन अभ्यासकाने संघाच्या यशाची चार अंगे सांगितली आहेत : फेकलेल्या चेंडूंपैकी किती बास्केटमध्ये गेले, फेकण्यापूर्वीच चेंडू किती वेळा गमावला, हुकलेला चेंडू पुन्हा किती वेळा मिळविला, आणि प्रतिपक्षाला नियमभंग करावयास लावून फ्री थ्रोचे किती गुण कमावले. यांपैकी पहिल्या अंगात दैवाचा वाटा बराच असतो. उरलेल्या तिन्ही अंगांत शिस्त, श्रम आणि जागरूकता यांचा वाटा अधिक. जो चाहता सामना संपल्यावर या चार गोष्टींची विचारपूस करतो, त्याला विजयाचे अजीर्ण होत नाही आणि पराभवाची मूर्च्छाही येत नाही.

सर्बियाविरुद्धचा उपान्त्य सामना या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. सर्बियाने एका वेळी १७ गुणांची आघाडी घेतली होती. तिसरे सत्र संपले तेव्हा ती ७६-६३ अशी १३ गुणांची होती. तोवर निकोला योकिचच्या सूत्रधारपणाखाली सर्बियाचा खेळ इतका सुबक चालला होता की अमेरिकेच्या बचावाची लक्तरे झाली होती. शेवटच्या दहा मिनिटांत मात्र अमेरिकेने ३२ गुण केले आणि सर्बियाला १५ गुणांवर रोखले. करीने एकट्याने ३६ गुण केले. त्यात तीन गुणांच्या ९ बास्केट होत्या. जेम्सने १६ गुण, १२ रिबाऊंड आणि १० पास अशी तिहेरी कामगिरी केली.

आता या संघाला गुण द्यायचे कसे? पहिली ३० मिनिटे बचाव ढिसाळ होता, हे खरे आहे. शेवटची १० मिनिटे तो बचाव पोलादी झाला, हेही तितकेच खरे आहे. एका नेमबाजाच्या अलौकिक दिवसावर सारा संघ तरून गेला आणि असा दिवस मागून मिळत नसतो, हे तिसरे सत्य. ही तिन्ही विधाने एकाच वेळी मनात बाळगणे चाहत्याला जड जाते. त्याला एकच शेरा हवा असतो : ‘शाबास’ किंवा ‘धिक्कार’. परंतु ज्याला उत्तरपत्रिका तपासण्याची सवय आहे तो जाणतो की प्रत्येक प्रश्नाचे गुण वेगळे द्यावे लागतात आणि बेरीज शेवटी करायची असते.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. पिछाडीवरून जिंकणे ही स्वतंत्र गुणवत्ताच नव्हे काय? अखेरच्या क्षणी हात न कापणे, मन स्थिर ठेवणे, हे केवळ दैव कसे म्हणायचे? लंडनच्या सामन्यानंतर एकतर्फी विजयांपेक्षा असे कसोटी पाहणारे सामने बरे, अशा आशयाचे मत खुद्द जेम्सने व्यक्त केले होते. आक्षेपात तथ्य आहे. धैर्य हा गुण आहे आणि तो कसोटीच्या वेळीच दिसतो. परंतु या गुणाची किंमत मान्य करतानाच, ती कसोटीची वेळ आली कशी, हे विचारणेही प्राप्त असते. घराला लागलेली आग धीराने विझविणाऱ्याचे कौतुक करावे. पण चुलीतला निखारा कोणी उघडा टाकला होता, ही चौकशी त्या कौतुकात वाहून जाऊ नये. शिवाय, धैर्य सर्बियाकडे नव्हते किंवा फ्रान्सच्या मुलींकडे नव्हते, असे म्हणणे धाडसाचेच होईल.

सिडनीचा धडा

ही चौकशी वाहून गेली की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेच्याच इतिहासात आहे. १९९२ पासून अमेरिकेचे व्यावसायिक खेळाडू ऑलिंपिकमध्ये उतरू लागले आणि प्रारंभी त्यांचे विजय इतके प्रचंड होते की प्रतिपक्षाचे खेळाडू सामन्यानंतर त्यांच्या स्वाक्षऱ्या मागत. २००० साली सिडनीच्या उपान्त्य सामन्यात मात्र लिथुआनियाने त्यांना ८५-८३ असे काठावर आणून ठेवले. शेवटच्या क्षणी शारूनस यासिकेविचसने तीन गुणांसाठी फेकलेला चेंडू जाळ्यापर्यंत पोहोचला नाही. तो पडला असता तर अमेरिका अंतिम सामन्यातही दिसली नसती. पण तो पडला नाही, पुढे सुवर्णपदक मिळाले आणि शेवट गोड तर सारेच गोड झाले. बाकीचे जग किती जवळ आले आहे, ही त्या सामन्यात दिसलेली गोष्ट पदकाच्या झळाळीत कोणाला फारशी दिसली नाही.

दोनच वर्षांनी, २००२ साली, स्वतःच्या देशातील इंडियानापोलिस येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत अमेरिका सहावी आली. २००४ साली अथेन्सला पहिल्याच सामन्यात पोर्टो रिकोने तिला ९२-७३ असे लोळविले. लिथुआनियाने हरविले, अर्जेंटिनाने हरविले आणि ब्राँझपदकावर समाधान मानावे लागले. तेव्हा कोठे राष्ट्रीय संघाच्या बांधणीची पद्धत मुळापासून बदलण्यात आली. त्याचे फळ २००८ साली बीजिंगला मिळाले. सिडनीतल्या एका सामन्यामुळे पुढचे सारे घडले असे म्हणणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. पण जे दुखणे २००० साली दिसत होते त्यावर उपचार सुरू व्हायला २००४ चे पराभव लागले, हे नाकारता येत नाही. काठावरचा विजय हा एक फुकट मिळालेला इशारा असतो. पराभव जे शिकवितो तेच तो शिकवितो आणि वर पदकही हाती ठेवतो. दुर्दैवाने फुकट मिळालेल्या वस्तूची आपण किंमत करीत नाही.

ही गोष्ट केवळ अमेरिकेची नाही. त्याच वर्षी २९ जून रोजी बार्बाडोसमध्ये विसावी षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ७ धावांनी जिंकला. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या आणि ६ गडी हाताशी होते. शेवटच्या षटकात सीमारेषेच्या दोरीलगत सूर्यकुमार यादवने मिलरचा झेल घेतला तो सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. ४ जुलैला मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर लोटलेला जनसागर त्या विजयाला साजेसाच होता. आनंद करण्यात गैर काही नाही. खेळ आनंदासाठीच असतो. परंतु ते पाऊल दोरीला लागले असते तर त्याच खेळाडूंविषयी, त्याच कर्णधाराविषयी आपण काय बोललो असतो, याची कल्पना करून पाहावी. आठ-दहा बोटांच्या अंतराने माणसे देव ठरतात किंवा अपराधी ठरतात, तेव्हा तो न्याय त्या माणसांचा नसतो. तो अंतराचा असतो.

हीच सवय मैदानाबाहेर आली की अधिक घातक ठरते. काठावर उत्तीर्ण झालेला विद्यार्थी ‘सुटलो’ म्हणतो आणि एका गुणाने नापास झालेला स्वतःला कायमचा नालायक समजू लागतो. वास्तविक दोघांच्या ज्ञानात तसूभरही अंतर नसते. कचेरीत एखादे काम अखेरच्या दिवशी धावपळ करून पुरे झाले की धावपळ करणाऱ्याची वाहवा होते. ते काम तीन महिने कोणाच्या टेबलावर पडून होते, हे विचारणारा मात्र नतद्रष्ट ठरतो. विजयानंतर प्रश्न विचारणाऱ्याला आपल्याकडे रंगाचा बेरंग करणारा समजतात. खरे तर प्रश्न विचारण्याची तीच वेळ असते, कारण पराभवानंतरच्या चौकशीत सूडबुद्धी मिसळते आणि जो तो आपला बचाव करू लागतो. विजयानंतर मने मोठी झालेली असतात. दोष ऐकून घेण्याची आणि सुधारण्याची ताकद तेव्हाच असते.

म्हणून क्रीडारसिकाने स्वतःसाठी एक साधी कसोटी ठरवून घ्यावी. थोडक्या फरकाने लागलेल्या निकालानंतर आपले मत मनाशी नीट मांडावे आणि मग शेवटचा तो एक चेंडू उलट पडला होता अशी कल्पना करावी. जेम्सचा चेंडू कड्यावरून परतला, विल्यम्सचे पाऊल रेषेमागे पडले, यासिकेविचसचा नेम लागला. तेवढ्याने आपल्या मतातला जो भाग कोसळतो तो निकालाचा प्रतिध्वनी होता. जो टिकून राहतो तोच खेळाचा अभिप्राय. दक्षिण सुदानच्या लोकांनी ही कसोटी कोणी न शिकविता वापरली. जेम्सच्या त्या बास्केटने त्यांच्या चाळीस मिनिटांच्या खेळातले काहीच हिरावून नेले नाही, हे त्यांनी ओळखले. आठच दिवसांनी लील येथे ऑलिंपिकमधील पहिल्या सामन्यापूर्वी संयोजकांनी चुकून दुसऱ्याच देशाचे, सुदानचे, राष्ट्रगीत वाजविले. तो अपमान गिळून त्या संघाने पोर्टो रिकोला ९०-७९ असे हरविले. ज्यांना तो विजय अनपेक्षित वाटला, त्यांनी लंडनला फक्त गुणफलक पाहिला होता.